शुद्धलेखन नाही, मग शिकवता काय?

मी ठाण्यात दर शनिवारी मुलांचा लिहिण्याचा वर्ग घेते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "चुका काढत नाही म्हणता, मग शनिवारी मुलांना शिकवता तरी काय?" तिसरी-चौथीतल्या मुलांचे आईबाबा हे दारातच विचारतात, एक पाय चपलेत ठेवून.

चुका काढते, पण शेवटी. आधी मुलाकडे सांगण्यासारखं काय आहे ते बाहेर यायला हवं. 'पावसाळा' म्हटलं की सगळ्या वह्यांत धरणीमाता हिरवा शालू नेसते आणि मोर थुईथुई नाचतो. वागळे इस्टेटच्या चाळीतल्या मुलानं मोर पाहिला कुठं? निबंधाच्या पुस्तकात. मग वह्या मिटायला लावते आणि विचारते, वंदना डेपोपाशी पाणी तुंबलं तेव्हा तू कुठं होतास? चपला पायात होत्या की हातात? आता सगळे एकदम बोलायला लागतात. एकाला बाबांनी खांद्यावर घेतलं, पण दप्तर भिजलंच. एकीच्या घरी गॅसचा सिलिंडर पलंगावर चढवला होता. आणि माणसं? "माणसं माळ्यावर." हे लिही, म्हणते.

आता यात 'सिलिंडर'ची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, हे तिला ठाऊक नाही. लाल शाईचा धाक असता तर तिनं सिलिंडरच गाळला असता आणि शालू नेसवला असता; तो पाठ आहे. म्हणून चुका शेवटी.

प्रश्न विचारणं हेच माझं काम, आणि ते दिसतं तितकं सोपं नाही. 'तुला कसं वाटलं?' म्हटलं की 'छान वाटलं' हमखास. 'आई तेव्हा काय म्हणाली?' म्हटलं की आई जशी बोलते तशीच कागदावर येते. बाळकुमच्या एका आजीच्या तोंडी 'पानी' आलं, ते तसंच ठेवलं. नातीच्या स्वतःच्या वाक्यात मात्र 'पाणी'. मुलांना हे पटकन कळतं, मोठ्यांना समजवावं लागतं.

'आणि कल्पनाशक्ती?' तिलाही उभं राहायला जमीन लागते. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी आपल्याच ठाण्याला आली. साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं होती. एवढंच सांगायचं आणि 'तू तिथं होतास' म्हणून सोडून द्यायचं. एकानं लिहिलं, गाडी परत जायला उलटी कशी वळवतात ते बघायला लोक संध्याकाळपर्यंत थांबले. मला हे सुचलं नसतं.

लिहून झालं की मोठ्यानं वाचायचं. ऐकणाऱ्यांनी 'छान' म्हणायचं नाही, एक प्रश्न विचारायचा. त्याचं उत्तर डाव्या पानावर, जे मुद्दाम कोरं ठेवलेलं असतं. मग पक्की प्रत, आणि तेव्हा वेलांट्या-उकार. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांतला एकच आधी देते: मराठी शब्दाच्या शेवटी आलेला इकार-उकार दीर्घ. 'आणि', 'नि' सोडून. तेवढ्यानंच पान बरंचसं स्वच्छ होतं.

मार्क वाढतील का, हाही प्रश्न असतो. सांगता येत नाही. तपासणाऱ्या बाईंना शालूच हवा असेल तर परीक्षेत शालू लिहावा, असं मी मुलांना स्पष्ट सांगते. शनिवारी मात्र सिलिंडर.