तुम्ही विचारलंत म्हणून: कुठली सायकल घेऊ?

लग्न असो, गणपतीची आरती असो की बडोद्याच्या कमाटीबागेतलं सकाळचं फिरणं, कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "आम्हालाही सायकल सुरू करायची आहे हो, कुठली घेऊ?" विचारणारे बहुतेक चाळिशी ओलांडलेले. शाळेत असताना दांडिया बाजार ते रावपुरा सायकल हाणलेली, मग लूना, मग ॲक्टिव्हा आणि आता साखरेचा रिपोर्ट हातात.

माझं उत्तर ऐकून लोक थोडे हिरमुसतात. सध्या कुठलीच घेऊ नका. घरात नाहीतर भावाकडे जिन्याखाली मुलाची एक सायकल धूळ खात पडलेली असेलच, ती काढा. टायरला चिरा नाहीत ना आणि दोन्ही ब्रेक लागतात ना, हे पंक्चरवाल्याला दाखवा, चेनला तेल घाला. सायकल सुटते ती सायकल वाईट म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा सीट खाली असते आणि हवा कमी असते.

शेजारच्या वहिनींनी अशीच एक सायकल काढली आणि आठवड्यात सोडली, गुडघे दुखतात म्हणून. पाहिलं तर पायडल वर आलं की गुडघा जवळजवळ पोटाला लागत होता. "अहो, पण पाय टेकायला हवेत ना!" सगळी गोम तिथेच आहे. बसल्या जागी दोन्ही तळवे जमिनीला टेकलेच पाहिजेत म्हटलं की सीट खाली जाते, पाय कधी सरळ होत नाही, भार गुडघ्याच्या वाटीवर येतो आणि मग "आता वय झालं" म्हणत सायकल परत जिन्याखाली.

माप सोपं आहे. भिंतीला धरून सीटवर बसा, पायडलवर टाच ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. कंबर एका बाजूला न झुकता पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना टाचेऐवजी चवडा पायडलवर येतो, तेव्हा गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. वहिनींची सीट चांगली चार बोटं वर गेली. सीटच्या दांड्यावर एक खूण असते, ती बाहेर दिसेपर्यंत मात्र दांडा ओढायचा नाही.

एवढ्या उंचीवर बसून पाय नीट टेकत नाहीत आणि टेकायचेही नसतात. थांबताना ब्रेक दाबत सीटवरून पुढे उतरायचं, सीटच्या पुढे उभं राहायचं आणि एक पाय जमिनीवर. निघताना उजवं पायडल घड्याळातल्या दोनच्या जागी आणायचं आणि त्यावर उभं राहायचं. सायकल पुढे सरकते, आपण उचलले जातो आणि सीट आपसूक खाली येते. हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. आपण शिकलो ते आजोबांच्या काळ्या उंच सायकलवर, त्रिकोणातून पाय घालून हाफ पॅडल मारत. वहिनींनी सोसायटीच्या आवारात फक्त निघणं आणि थांबणं एवढंच घोटलं, पुन्हा पुन्हा, वॉचमनच्या देखत. लाजायचं कारण नाही. रस्त्यावर माणूस पडतो तो बहुधा चालताना नाही, थांबताना.

आता हवा. टायरच्या कडेवर हवेच्या दाबाचा, म्हणजे पीएसआयचा, आकडा छापलेला असतो. गुट्ट्यांच्या, म्हणजे वर उंचवटे असलेल्या, जाड टायरला साधारण 40, मधल्या जाडीच्या टायरला 60 च्या आसपास, रेसच्या बारीक टायरला त्याहून बरीच जास्त. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला अंगठ्याने दाबून "बस छे" म्हणतो, त्यावर जाऊ नका. सायकल नुसती उभी असली तरी ट्यूबमधून हवा हळूहळू जातच असते. म्हणून आकडा दाखवणारा उभा पंप घरात हवा. माझ्या मते सायकलीनंतरची पहिली खरेदी तीच, हेल्मेटच्या बरोबरीने. मऊ टायरवर सायकल हाकणं म्हणजे ओल्या वाळूतून चालणं. पंप घेताना वॉल्व्ह बघा: काही ट्यूबना मोटरसायकलसारखा जाड असतो, काहींना बारीक, वरची टोपी आटे फिरवून सैल करायचा. पेट्रोल पंपाच्या नळीने भरायची वेळ आली तर जपून. सायकलच्या ट्यूबमध्ये जागा ती केवढी, क्षणात फुटते.

गिअरबद्दल फार बोलत नाही. 21 गिअर म्हणजे पुढच्या 3 चकत्या गुणिले मागच्या 7, आणि त्यातले कित्येक एकमेकांसारखेच. पुढची मधली चकती लावून डावा हात विसरून जा, उजव्या हाताने मागचे बदलत राहा. पाय जड पडायला लागण्याआधीच हलका गिअर टाका. जोर लावून सावकाश मारण्यापेक्षा हलकं आणि भरभर मारलेलं गुडघ्यांना मानवतं. सिग्नल लाल दिसला की थांबायच्या आधीच हलक्यावर या, नाहीतर हिरवा झाल्यावर मागच्यांचे हॉर्न खा.

महिना-दोन महिने टिकलात, तर मग दुकानात जा. तिथे तुम्हाला सांगतील, "बेन, गिअरवाळी लई जाओ, आगळ शॉकर पण छे." पुढचं ते सस्पेन्शन स्वस्तातल्या सायकलला नुसतं वजन असतं. तुम्ही पायडलवर जोर द्यायचा आणि अर्धा स्प्रिंगने खायचा. बडोद्यात डोंगर कुठे आहे? चढ म्हणावा तर अकोट्याच्या पुलाचा. त्यामुळे पुढे शॉकर नसलेला साधा फोर्क, मधल्या जाडीचे टायर, सरळ हँडल, म्हणजे ज्याला हायब्रीड म्हणतात ती पुरते. फ्रेमचं माप मात्र तुमचंच हवं. "सीट खालीवर करून चालेल" यावर मान डोलवू नका. मापाला बसत असेल आणि खड्ड्यांचा फारच धाक असेल तर गुट्ट्यांची घ्या, मी भांडणार नाही. जेलचं मऊ कव्हर मात्र विकत घेऊ नका. त्यात माणूस रुततो आणि जास्त घासतं. पहिले काही दिवस बसायची जागा दुखणारच, ती सरावते. लांब जायला लागलात की पॅडची शॉर्ट घ्या, वर सैल ट्रॅकपँट चढवली की कुणाला कळत नाही. ओढणी घरी, आणि पँटचा उजवा पाय दुमडून, कारण चेन त्या बाजूला.

जायचं कुठे? आधी आपल्याच गल्ल्या, उजाडता उजाडता. मे महिन्यात साडेपाचला निघून साताला घरात. मोकाट कुत्री मागे लागली तर वेग वाढवण्यापेक्षा उतरा, सायकल मध्ये ठेवा आणि चालायला लागा. बहुतेकदा त्यांचा रस जातो. गाई रस्त्यात बसलेल्या असतील तर शेपटीच्या बाजूने जा. पुढे जमलं की पश्चिमेला मही नदीकाठचं सिंधरोट. उन्हाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे त्या बाजूला जाताना तो अंगावर आणि परतताना पाठीशी. पूर्वेच्या आजव्याला उलटं. तिथल्या सयाजी सरोवरापर्यंत आपण वीर असतो आणि परतताना वारा आपली पायरी दाखवतो. नवख्यांनी आधी सिंधरोट करावं. परतल्यावर सेवउसळ खायची की नाही हा तुमचा आणि तुमच्या साखरेचा प्रश्न.

एक गोष्ट बडोद्याबाहेरून आलेल्यांना माहीत नसते. डिसेंबर सरत आला की आकाशात पतंग आणि रस्त्यावर मांजा. नायलॉनच्या मांजावर 2017 पासून देशभर बंदी आहे, तरी तो येतो. साध्या सुती मांजालाही काचेची धार असतेच. स्कूटरवाले पुढे तारेची कमान लावतात, सायकलवर ती क्वचितच दिसते. त्या दिवसांत गळ्याला जाड मफलर दोन वेढे, वेग कमी आणि मैदानांच्या कडेचे रस्ते टाळायचे. 14 जानेवारीला आणि दुसऱ्या दिवशीच्या वासी उत्तरायणला मी सायकल बाहेर काढत नाही.

"मग पावागड कधी?" हा प्रश्न दुसऱ्याच आठवड्यात येतो. पावागडच्या पायथ्याचं चांपानेर इथून 50 किलोमीटरच्या आसपास, रस्ता शेवटपर्यंत जवळपास सपाट. आजवा करून आल्यावर दुसऱ्या दिवशी पाय नेहमीसारखे चालले की जायला हरकत नाही, पण हिवाळ्यात, सोबत कुणीतरी, जोडीला एक जास्तीची ट्यूब आणि ती बदलता येत असेल तर. गडावर माचीला चढणारा घाट पहिल्या वेळी सोडा. पायथ्याशी जामा मशीद बघा, चहा घ्या आणि ऊन चढायच्या आत परत फिरा. परतायची ताकद उरली नसेल तर हालोलला टेम्पोवाल्याशी भाव करा. सायकल टपावर नीट बांधली जातेय ना, ते मात्र स्वतः बघा.