पाणी कुठवर आहे?

आमची विजेने घडी होणारी सूक्ष्म पेटी उघडी पसरली तरी केसाच्या जाडीच्या दुपटीएवढीच भरते. मधे चौकोन, चार बाजूंना चार पाकळ्या. प्रत्येक पाकळीची बिजागरी म्हणजे ७ नॅनोमीटर जाडीची प्लॅटिनमची पट्टी. वरून टायटॅनियमचा थर, खालची बाजू उघडी. मिठाच्या द्रावणात १ व्होल्टच्या आसपास दिला की उघड्या बाजूवर ऑक्साइड चढतं, ती किंचित ताणली जाते, वरची ढिम्म राहते, म्हणून पाकळी वर वळते. उणे ०.२ व्होल्टला परत आडवी.

त्या दिवशी सकाळपासून झकास चाललं होतं. मायक्रोस्कोपचा दिवा पूर्ण मोठा करून मी व्हिडिओ घेत होतो, जेवायलाही उठलो नाही. तीनच्या सुमाराला एक पाकळी थरथरली. मग बिजागरीपाशी काळ्या कडेचा एक गोल दिसला. धूळ असेल म्हटलं. पण तो फुगत गेला, पाकळी त्याच्यावर तरंगल्यासारखी उचलली गेली आणि तुटून नजरेआड झाली. लगेच दुसरा गोल. बुडबुडे! म्हणजे पाण्याचं विघटन होत होतं, १ व्होल्टला जे व्हायला नको. पडद्यावर मी टाकलेला १ जिथल्या तिथे होता. शेजारी ओव्हरलोडचा लाल ठिपका लागला होता, तो मात्र मी पाहिलाच नाही.

मागे उभ्या असलेल्या शिकाऊ मुलीने विचारलं, "सर, पाणी कुठवर आहे?"

मायक्रोस्कोपवरून डोळे काढले. दिव्याच्या उष्णतेने बशीतलं द्रावण आटून रेफरन्स इलेक्ट्रोडचं, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात त्या तारेचं, टोक कोरडं लटकत होतं. व्होल्टेज मोजायला आधारच उरला नाही, म्हणून पोटेन्शिओस्टॅट (ठरवलेलं व्होल्टेज राखणारं यंत्र) आंधळेपणाने जोर लावत सुटला होता. तीन आठवड्यांची पेटी, आणि गेली कशाने, तर चमचाभर पाण्याने.

तिने बाटलीतून शुद्ध पाणी घातलं. (द्रावण नाही, मीठ बशीतच राहिलेलं असतं. हे मला सांगावं लागलं नाही.) चिपवरच्या शेजारच्या पेटीला तारा वेगळ्या होत्या, ती शाबूत होती. तिला १ व्होल्ट दिला, चारही पाकळ्या उभ्या राहिल्या. मग वैतागून तारा काढल्या, बशीवर झाकण ठेवलं आणि घरी गेलो.

सकाळी पाहिलं तर रात्रभर विजेशिवाय चारही पाकळ्या तशाच उभ्या. ऑक्साइड आपण होऊन उतरत नाही, हे ठाऊक होतंच. तरी आधी पाणी बघितलं, मगच तारा जोडल्या.