५ व्होल्टवर पिक प्रोग्रॅमर: गाडी पीजीएम पिनपाशी आलीये

तर मंडळी, पिक मायक्रोकंट्रोलर चिपमध्ये कोड भरणारा, अर्डुइनो उनो बोर्डवरचा एलव्हीपी (लो व्होल्टेज प्रोग्रॅमिंग) प्रोग्रॅमर आता बऱ्यापैकी चालायला लागलाय. १६एफ६२८ए (पुढे नुसतं ६२८ए) या पिक चिपचा डिव्हाइस आयडी वाचतो, चिप इरेज करतो, हेक्स फाइल (तयार कोडची फाइल) लिहितो, आणि हाय व्होल्टेज पद्धतीतलं १३ व्होल्टचं झेंगट कुठेच नाही, सगळं यूएसबीच्या ५ वर. वायरिंग साधंच आहे, चिपच्या ४ नंबरच्या पिनला एमसीएलआर (रीसेट), १२ ला क्लॉक, १३ ला डेटा, १० नंबरची आरबी४ म्हणजे पीजीएम (लो व्होल्टेज मोड चालू करणारी पिन), मग ५ ला ग्राउंड आणि १४ ला सप्लाय. फक्त बल्क इरेजला (सगळी चिप एकदम पुसायला) किमान ४.५ व्होल्ट लागतात, त्यामुळे व्होल्टेज खाणारी बारीक लांबलचक केबल नको.

प्रोग्रॅमिंग मोडमध्ये शिरायचा क्रम असा, एमसीएलआर खाली ठेवून आधी पीजीएम वर करायची आणि मग एमसीएलआर ५ वर न्यायची. त्यानंतर ६ बिटची कमांड, डेटा असेल तर त्याचे १६ क्लॉक, आणि चिप बिट उचलते ते क्लॉक खाली येताना. सगळ्यात आधी आयडीच वाचा, लोड कॉन्फिगरेशन दिलं की पत्ता २००० हेक्सवर जातो, तिथून सहा वेळा इन्क्रिमेंट केलं की २००६. ६२८ए असेल तर १०६० ते १०७एफ मधलं काहीतरी येतं, शेवटचे पाच बिट रिव्हिजनचे. सगळे शून्य किंवा सगळे एक आले तर चिपला शिव्या घालू नका, बहुतेक वेळा डेटाची पिन वाचताना इनपुट केलेली नसते नाहीतर मोडमध्ये शिरणंच झालेलं नसतं.

आता मुद्द्याचं. प्रोग्रॅमर काढून घेतल्यावर पीजीएमचं काय, हा प्रश्न प्रोग्रॅमरचा नाहीच, तुमच्या सर्किटचा आहे. चिपच्या कॉन्फिग वर्डमधला (सेटिंग ठेवायची जागा) एलव्हीपी बिट १ असताना (कोऱ्या चिपमध्ये तो १ च असतो) आरबी४ वर १ दिसला की चिप प्रोग्रॅमिंग मोडमध्ये जाते, मग तो १ प्रोग्रॅमरने दिलेला असो की हवेतून आलेला. मुद्दाम करून बघितलं. ब्रेडबोर्डवर एलईडी ब्लिंक, आरबी४ ला काहीच जोडलेलं नाही, नुसती एक लांब जंपर वायर लोंबतेय. हात जवळ नेला की ब्लिंक बंद. मजा म्हणजे नक्की किती व्होल्ट आहेत ते बघायला मल्टिमीटर लावला की सगळं सुरळीत! कारण मीटरचा आतला साधारण १० मेगाओहमच तिथे पुल-डाउनचं (पिन शून्याकडे ओढणाऱ्या रेझिस्टरचं) काम करतो, प्रोब काढला की पुन्हा तेच. अजून एक खूण सांगतो, कोड अडकला तर एलईडी जिथे होता तिथेच राहतो, चालू तर चालू बंद तर बंद, पण इथे तो कायम विझतो कारण या मोडमध्ये बाकीच्या पिना इनपुट होऊन बसतात.

उपाय सगळ्यांना माहितीये, आरबी४ पासून १० के (१० हजार ओहम) चा रेझिस्टर ग्राउंडला. ६२८ए ला तेवढं पुरतं. कोडमध्ये पोर्ट बी चे वीक पुल-अप (पिना आतून १ कडे ओढणारे) चालू केले तरी एलव्हीपी बिट १ असताना आरबी४ चा पुल-अप चिप स्वतःच बंद ठेवते. मी तरी १ के लावलाय, प्रोग्रॅमरला त्यावर ५ मिलिअँप द्यावे लागतात, अर्डुइनोची पिन ते आरामात देते.

व्हेरिफायमध्ये (लिहिलेलं परत वाचून तपासताना) एकच एरर येत राहतो तो पण लिहून ठेवतो. कोडमध्ये एलव्हीपी ऑफ लिहिलंय, बाकी सगळी मेमरी जुळते, फक्त कॉन्फिग वर्डमध्ये शेवटी ३० हवं तिथे बी० येतं. फरक ८० हेक्स, म्हणजे बिट ७, म्हणजे एलव्हीपीच. लो व्होल्टेजने आत शिरलात तर हा बिट बदलताच येत नाही, ज्या फांदीवर बसलोय ती तोडू देत नाही चिप. तो शून्य करायला एमसीएलआरवर हाय व्होल्टेजच लागतं, आणि तो शून्य आहे तोवर पुढे हाय व्होल्टेजच. उलट हाय व्होल्टेजचा रस्ता कधीच बंद होत नाही, बिट काहीही असो. त्यामुळे प्रोग्रॅमरमध्ये व्हेरिफाय करताना तो बिट मी मास्क केलाय (तुलनेतून वगळलाय) आणि कोडमध्ये सरळ एलव्हीपी ऑन लिहितो, खोटं कशाला.

माझं मत विचाराल तर पिना पुरत असतील तर आरबी४ सोडून द्या आणि सुखात राहा. अडचण येते ती ४ बाय ४ कीपॅडला, कारण त्याला पूर्ण पोर्ट बी लागतो आणि इंटरप्ट ऑन चेंज (पिन बदलली की कोडला लगेच कळवणारी सोय) नेमका आरबी४ ते आरबी७ वरच. तिथे हाय व्होल्टेजला पर्याय नाही. आणि हो, प्रत्येक चिपची पीजीएम वेगळी आहे, १६एफ८७७ए ला आरबी३, १८एफ४५५० ला आरबी५, जुन्या १६एफ८४ए ला तर एलव्हीपी नाहीच. दुसऱ्याचं सर्किट उचलताना हे आधी बघा.

पुढचा टप्पा १६एफ१८२७. प्रोग्रॅमिंगच्या पिना ६२८ए च्याच जागी, पण पीजीएम गायब. एमसीएलआर खाली धरायचा आणि डेटावर ३२ बिटची की पाठवायची, एमसीएचपी ही चार अक्षरं, सगळ्यात खालचा बिट आधी. जुना १३ व्होल्टवाला प्रोग्रॅमर याला चुकूनही लावू नका, याची कमाल मर्यादा ९ व्होल्टच आहे. की संपल्यावर अजून एक, ३३ वा क्लॉक द्यावा लागतो, तो लूपमध्ये घातलाय, आता आयडी येतो का बघायचंय.