मात्रा जुळतात, तरी ओळ अडखळते: चित्रपुस्तकासाठी पद्य लिहिताना

चित्रपुस्तकाचा मजकूर पद्यात लिहायचा असला की गोष्टीचा सांगाडा तयार झाल्यावर आणि पहिली ओळ लिहिण्याआधी मी वृत्त ठरवते. अक्षरगणवृत्तांच्या वाटेला जात नाही. त्यांत लघु-गुरूंचा, म्हणजे आखूड-लांब अक्षरांचा, क्रम बांधलेला असल्यामुळे 'तयाला', 'जाहला' अशी पुस्तकी रूपं घ्यावी लागतात, आणि चार वर्षांच्या मुलाला ती परकी वाटतात. ओवी-अभंगाला चाल लागते, ती वाचणाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही. उरतात मात्रावृत्तं, म्हणजे अक्षरं उच्चारायला लागणाऱ्या वेळेच्या, मात्रांच्या, मोजणीवर चालणारी. त्यातली दोन आवर्तनं, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे मात्रांचे गट, बहुतेक सगळं काम भागवतात.

धावपळ, मोजणी, पाठलाग असेल तर आठ मात्रांचं पद्मावर्तन. ओळीत अशी दोन आवर्तनं, म्हणजे सोळा मात्रा. झोका, अंगाई किंवा संथ चाल असेल तर सहा मात्रांचं भृंगावर्तन: 'हळूहळू चालते, गवत गवत हालते'. इथे प्रत्येक चरण सहा अधिक पाच मात्रांचा आहे. शेवटची एक मात्रा श्वासासाठी रिकामी राहते, ती शब्दाने भरायची नाही.

मोजणी सोपी आहे. ह्रस्व (लघु) अक्षराची एक मात्रा, दीर्घाची (गुरू) दोन. अनुस्वार असलेलं अक्षर आणि शब्दातल्या जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, म्हणून 'पक्षी' चार मात्रांचा. मात्र 'पुन्हा', 'तुम्ही', 'कुऱ्हाड' यांत आघात पडत नाही, त्यामुळे पहिलं अक्षर लघुच राहतं. नियम आठवत नसेल तर शब्द मोठ्याने म्हणून पाहावा, कान सांगतो.

खरी अडचण मोजून झाल्यावर सुरू होते. ही ओळ पाहा: 'छोटी खार पटकन पळाली'. मात्रा बरोबर सोळा. पण आठवी मात्रा 'पटकन'च्या 'प'वर संपते आणि नव्या आवर्तनाची टाळी 'ट'वर पडते. शब्द मधोमध चिरला जातो. वाचणारा 'खार' नंतर थबकतो, मग घाई करतो, आणि पुढच्या ओळीचाही ठेका जातो. आता तेच शब्द हलवले: 'पटकन छोटी खार पळाली'. चार-चार, मग तीन-पाच. दर चार मात्रांनी येणाऱ्या टाळ्या 'प', 'छो', 'खा' आणि 'ळा'वर पडतात, जिथे बोलतानाही जोर येतो. एकही शब्द बदलला नाही, तरी ओळ सुटली. म्हणून मी बेरीज करून थांबत नाही, प्रत्येक ओळीत आठव्या मात्रेनंतर उभी रेघ मारते. रेघ शब्दाच्या पोटात गेली तर ओळ पुन्हा लिहायची.

दुसरा खड्डा '-ऊन'चा. 'खारूताई आली खाली, दाणे घेऊन परत पळाली.' म्हणताना आपण 'घेउन' म्हणतो, चार मात्रांत, आणि ओळ छान बसते. छापताना नियमाने 'घेऊन' येतं, पाच मात्रा. कवितेत ऱ्हस्व 'उ'ची सवलत जुनी आहे, पण नुकतंच वाचायला शिकणाऱ्या मुलासमोर मला दोन लेखनं ठेवायची नसतात. शिवाय मुद्रितशोधक ते हमखास बदलतो. त्यापेक्षा 'दाणे वेचत परत पळाली' करावं.

नायकाचं नाव निवडताना त्याची सामान्यरूपंही कागदावर मांडून घ्यावीत. 'ससा' तीन मात्रा, 'सशाला' पाच. 'कासव' सुटसुटीत चार, पण 'कासवाला' सात, म्हणजे जवळजवळ आख्खं आवर्तन खाल्लं. अशा नायकाला शक्यतो कर्ताच ठेवायचं. लिंगही आधीच पाहावं. भूतकाळात खार 'पळाली', ससा 'पळाला', मांजर 'पळालं', आणि यमकांची अख्खी रास त्यावर ठरते.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे 'गेली-आली-केली' फुकट मिळतात. दोन पानांत त्यांचा कंटाळा येतो. यमकाची एक बाजू तरी क्रियापद नसावी: 'खाली-पळाली' चालतं, 'आली-पळाली' मी टाळते. तरी क्रियापद शेवटून हुसकण्याच्या नादात वाक्य उलटंपालटं होत असेल, तर साधं यमक पत्करलेलं बरं. भरतीचे शब्द मात्र अजिबात नकोत. 'छान छान', 'बरं का', 'हो हो' काढून बघावं, अर्थामध्ये काही फरक पडला नाही तर ते मात्रांसाठीच आलेले असतात. रंग, कपडे, हवामान चित्रात दिसतं. तिथे खर्च होणाऱ्या मात्रा कृतीला द्याव्यात.

बत्तीस पानी पुस्तकात शीर्षक-श्रेयाची पानं वजा जाता बारा ते चौदा जोडपानं (समोरासमोरची दोन पानं) हाती येतात. एका जोडपानावर दोन ओळी, फार तर चार. यमकाची जोडी एकाच जोडपानावर संपवावी. पान उलटून यमक द्यायचं असेल तर उत्तर मुलाला ओळखता येईल असंच हवं, म्हणजे ते आधीच ओरडतं. न ओळखता येणारं यमक पानापलीकडे ठेवलं की नुसतंच हरवतं.

तपासणी स्वतःच्या आवाजात करू नये, कारण आपण नकळत ओळ सावरून घेतो. मजकूर कधीच न पाहिलेल्या माणसाला द्यावा, तयारीला वेळ देऊ नये, आणि फोनवर ध्वनिमुद्रण करावं. वाचणारा जिथे मागे जाऊन शब्द पुन्हा उचलतो, तिथे खूण करायची. दोन वेगवेगळे वाचक एकाच जागी अडले तर वाद घालायचा नाही, ओळ बदलायची.

मांडणी आली की आणखी एकदा बसावं लागतं. चित्राच्या कडेला जागा अरुंद असली की मांडणी करणारा ओळ कुठेही तोडतो, आणि वाचणारा तिथेच थांबतो. तोडायचीच असेल तर आठव्या मात्रेवर तोडा, असं मी हस्तलिखितात रेघ मारून कळवते. 'पटकन छोटी खार पळाली' ही ओळ मात्र तशीही तोडता येत नाही, कारण 'छोटी' वर लटकते आणि 'खार' खाली जाते. अशा ओळींपुढे 'सलग हवी' असं लिहून ठेवते, आणि गरज पडली तर अक्षराचा आकार एका अंकाने कमी करायला सांगते.