ॲशवेलची भिंत: वादळाचं साल एकदाचं जुळलं

ॲशवेलच्या भिंतीवरच्या जुन्या कोरीव लेखाची, मागच्या नोंदीत सालापाशी अडलेली शेवटची ओळ सुटली! आणि चूक वाचनात नव्हतीच.

इंग्लंडच्या हार्टफर्डशायरमधल्या ॲशवेलच्या सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यातल्या या लेखाचं वरचं साल सोपं होतं. रोमन अंकांत एम, तीनदा सी, पाचदा एक्स: १०००+३००+५०, म्हणजे १३५०. आपल्या शिलालेखांतल्या शब्दांकांचंच, म्हणजे शब्दांतून सांगितलेल्या आकड्यांचंच भावंड. अडलं ते खाली. 'मॉरस'चा वारा जगभर गरजला असं तिथे कोरलंय, साल १३६१. पण हे वादळ १५ जानेवारीचं, संत मॉरसच्या दिवशीचं, आणि नॉर्विच कॅथीड्रलचा कळस पाडणारं. साल १३६२.

म्हणून एक 'आय' (रोमन एक) पुसला गेला असेल असं धरून शोध सुरू झाला. इथेच सगळा वेळ गेला. हा क्लंच, म्हणजे मऊ खडूचा दगड. प्रत्येक ओरखडा 'आय'सारखाच दिसतो. डावीकडून तिरपा प्रकाश टाकला की उभ्या रेघा उठतात, पण अक्षरावरची, गाळलेला 'एम' किंवा 'एन' सुचवणारी आडवी रेघ गडप होते, कारण प्रकाशाला समांतर रेघेची सावलीच पडत नाही. म्हणून प्रकाश वरूनही हवा, भिंतीशी १०-१५ अंशांत. मधोमध पांढरा डाग पाडणारे टॉर्च घेऊ नका. आणि कागद लावून पेन्सिल घासणं तर नकोच, दगड झिजतो.

जास्तीचा 'आय' सापडला नाही, कारण तो नव्हताच. तेव्हा इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं. जानेवारी जुन्याच सालात. शक मोजताना आपण हेच करतो की! चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. शके १५५१ची फाल्गुन वद्य तृतीया म्हणून तर १६३०च्या फेब्रुवारीत येते. रोजचं गणित, आणि तिथेच फसगत.

आता त्याच भिंतीवरचं चित्र घ्यायचं होतं. ते १५६१ला वीज पडून कळस गमावलेल्या लंडनच्या जुन्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचं मानतात. पण थांबा, अशा लेखांच्या आपल्या यादीतल्या २५ मार्चआधीच्या सगळ्याच तारखा संशयात आल्या. चित्र मागे. आधी त्या तारखांपुढे जोडसाल लिहू: १३६१/६२.