तेहतिसावं घर आणि वर एक दाणा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेला काहीतरी लिहून दे म्हणून फोन आला, तेव्हाच ठरवलं की गॅदरिंग, कबड्डी, पावसात गळणारं छप्पर हे बाकीचे लिहितीलच, आपण ४२९४९६७२९७ वर लिहायचं. आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या बॅचला हा आकडा अजून पाठ आहे, फोन नंबरसारखा.

गणिताच्या सरांनी तो तांदळातून आणला. बुद्धिबळाच्या पहिल्या घरात एक दाणा, मग दोन, मग चार, असं दुप्पट करत तेहतिसाव्या घरात किती? २ चा ३२ वा घात. बेळगावी बासमतीचा दाणा २५ मिलिग्रॅमचा धरला तर त्या एकाच घरात १०७ टन तांदूळ होतो, आणि आमचं लक्ष तिथंच लागलं कारण निम्म्या पोरांच्या घरी भातशेती! सर म्हणाले, आता वर एकच दाणा टाका आणि सांगा ही संख्या मूळ आहे काय.

फेर्माला, म्हणजे सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणितीला, वाटायचं मूळ आहे. २ चा १ ला, २ रा, ४ था, ८ वा, १६ वा घात घेऊन वर एक टाकला की ३, ५, १७, २५७, ६५५३७, अशा आधीच्या पाचही मूळ निघालेल्या, मग सहावी पण असणारच की. आम्हालाही तसंच वाटलं, तरी ३, ७, ११, १३ ने भागत बसलो, फळा भरला, हात पांढरे झाले. सर मागून आले, "काय करालास रे, असं केल्यास तर एसएसएलसी इथंच होईल." (एसएसएलसी म्हणजे आमच्याकडची दहावी.) मग त्यांनी ऑयलर या स्विस गणितीची युक्ती सांगितली, हिचा मूळ भाजक असला तर त्याला ६४ ने भागून बाकी १ च उरणार. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. पाचवा भागाकार, आणि बाकी शून्य! उरलेला भाजक ६७००४१७. ऑयलरनं हे १७३२ मध्ये काढलं, हातानंच.

पण मला खरं आवडलं ते पुढचं, भागाकार न करताच. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६ पण. ६४१ ने भागल्यावरच्या बाक्याच फक्त बघायच्या, तर ५ × (२ चा ७ वा घात) म्हणजे −१ (६४१ ला एक कमी), दोन्हीकडं चौथा घात केला की ६२५ × (२ चा २८ वा घात) म्हणजे १, आणि ६२५ म्हणजे −१६, १६ म्हणजे २ चा ४ था घात, म्हणून २ चा ३२ वा घात −१, वर एक टाकला की शून्य. संपलं. हे चार ओळीत फळ्यावर मावतं, भागाकारानं फक्त कळतं की भाग जातो, इथं का जातो ते दिसतं.

६५५३७ च्या पुढं अशी एकही मूळ संख्या आजवर कुणाला सापडलेली नाही.

आत्ताच्या दहावीच्या पोरांसाठी याच्या पुढची देऊन ठेवतो, १८४४६७४४०७३७०९५५१६१७. हिला २७४१७७ ने भाग जातो. मोबाईल बाजूला ठेवून करा, साध्या कॅल्क्युलेटरवर तसंही मावत नाही, आणि बाकी उरली तर आधी हातचे तपासा.