खुडूक कोंबडीच्या पंखाखाली परकी पिल्ले

गुरुवार, संध्याकाळ

तांबडीला खुडूक बसून तीन आठवडे होत आले आहेत आणि आज रात्री तिच्या पंखाखाली उबवणी केंद्रातून आणलेली पिल्ले सरकवायची आहेत. पावसाळ्यात मुंगसाने कोंबडा नेल्यापासून आमच्या खुराड्यात नर नाही. कोंबड्याचे बीज कोंबडीच्या पोटात साधारण दोन आठवडे टिकते आणि तेवढ्याच काळातली अंडी फळतात. त्यानंतरची अंडी कितीही उबवली तरी त्यांत जीव धरत नाही. तांबडीखाली आहेत ती अशीच अंडी आहेत. रिकाम्या जागेवरही ती बसलीच असती, परंतु छातीला अंड्यांचा स्पर्श होत राहिला की खुडूकपणा टिकून राहतो, म्हणून पेन्सिलीने खूण केलेली मोजकी अंडी मी तिच्याखाली ठेवली आणि ती नासण्याआधी अधूनमधून बदलत राहिले.

शेजारच्या काकींनी पहिल्याच आठवड्यात सांगितले होते, "अगो, कोंबडा नाही तर कशाला बसवतेस तिला? दोन दिवस पाण्यात बुचकळ, आपोआप उठेल." गावोगाव हाच उपाय चालतो आणि कुठे कुठे तर कोंबडीच्या नाकपुड्यांतून पीसही ओवतात. अंडी थांबली की घरचे नुकसान होते, हे मला मान्य आहे. तरीही एखाद्या जिवाने अंगातले सगळे बळ एका कामासाठी एकवटलेले असताना ते पाण्यात बुचकळून घालवावे, हे माझ्या मनाला पटत नाही. व्हाइट लेगहॉर्नसारख्या, केवळ अंड्यांसाठी जोपासलेल्या जातींमधून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून हा गुण जवळजवळ नाहीसा केला, कारण खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही. गावठी कोंबडीत तो अजून शाबूत आहे, आणि आमच्यासारख्या, वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा नेम नसलेल्या गावात तो शाबूत राहणे ही मोठी गोष्ट आहे.

खुडूकपणा म्हणजे नुसता हट्ट नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढू लागते, अंडाशयाचे काम थांबते आणि कोंबडीची सारी वागणूक पालटते. तांबडीने छातीची पिसे स्वतःच उपटून घरट्यात पसरली आहेत. पोटाखाली हात घातला की उघडी, तापलेली कातडी थेट तळव्याला लागते. तिचा तुरा फिका पडला आहे आणि वजनही उतरले आहे. दिवसातून एकदा ती उठते, घाईघाईने दाणे टिपते, पाणी पिते, एकदाच भलीमोठी, उग्र वासाची विष्ठा टाकते, राखेत चार वेळा लोळते आणि परत येऊन बसते. मी जवळ गेले की अंग फुगवून घशातून घरघर काढते. ही घरघर ज्या कोंबडीत दोन दिवसांत मावळते, तिच्याखाली पिल्ले सोडण्यात अर्थ नसतो. अंड्यातून पिल्लू बाहेर पडायला २१ दिवस लागतात आणि कोंबडीचे शरीरही त्याच बेताने पिल्लांसाठी तयार होत जाते, म्हणून तिला पुरेसे बसू देणे हाच या सगळ्याचा पाया आहे, असे माझे मत आहे.

जागा दोन दिवसांपूर्वीच बदलली. इतर कोंबड्यांच्या खुराड्यातून तिला पडवीच्या कोपऱ्यात आणले, तेही रात्री, आणि घरट्यासकट. उंचावरच्या पाटीतून पिल्लू खाली पडले तर त्याला परत चढता येत नाही, म्हणून घरटे जमिनीवरच केले आहे. खाली वाळलेला पेंढा आणि कडुनिंबाचा पाला पसरला आहे. कोंबडीच्या अंगावर उवा असतील तर त्या पहिल्याच रात्री पिल्लांच्या अंगावर चढतात, म्हणून तिची पिसे फुंकर मारून, मुळाशी नीट पाहून घेतली आहेत. भोवती बांबूचे मोठे डालगे आहे आणि त्यावर गोणपाट आहे. दुसऱ्या खोलीत पुठ्ठ्याचे खोके, ६० वॅटचा बल्ब आणि वीज गेलीच तर निखाऱ्यांची शेगडी अशी सोयही करून ठेवली आहे. कोंबडीने पिल्ले नाकारली, तर रात्रीच्या थंडीत त्यांना तासभरही उघड्यावर ठेवता येणार नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते.

गुरुवार, रात्री उशिरा

पिल्ले दुपारच्या एस.टी.ने आली. भोके पाडलेल्या खोक्यात ती एकमेकांना चिकटून बसली होती आणि त्यांची चिवचिव अंगणापर्यंत ऐकू येत होती. अंड्यातून बाहेर पडण्याच्या सुमारास उरलेला पिवळा बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि त्याच्यावर ते दोन दिवस दाण्यापाण्याशिवाय राहू शकते. एक दिवसाची पिल्ले इतक्या लांबून पाठवता येतात ती यामुळेच. निसर्गात या शिदोरीचा उपयोग निराळा आहे. सगळी अंडी एकाच वेळी फुटत नाहीत, आणि आधी आलेली पिल्ले भूक न धरता आईखाली थांबली, तरच आई उरलेल्या अंड्यांवर बसून राहू शकते. मी प्रत्येकाची चोच एकेकदा पाण्यात बुडवली आणि दिवेलागणीनंतर पूर्ण अंधार पडेपर्यंत त्यांना बल्बखाली ठेवले.

अंधार महत्त्वाचा आहे. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही आणि त्या वेळी ती स्वस्थ असते. तेव्हा पोटाखाली जे जाणवते ते ती स्पर्शाने आणि आवाजाने ओळखते. मी टॉर्च विझवून, तिच्या पाठीमागच्या बाजूने, तळवा वर करून, पिल्लू मुठीत झाकून हात आत नेला. तिने मनगटावर जोरात चोच मारली, पण पिल्लू झाकलेले असल्यामुळे मार मलाच बसला, आणि तो तसाच बसावा म्हणून तर हात तसा धरायचा असतो. पिल्लू पंखाखाली सोडले, एक अंडे दुसऱ्या हाताने काढून घेतले आणि थांबले.

हे थांबणेच सगळ्यांत कठीण असते. पहिल्या पिल्लाला ती काय म्हणते हे कळेपर्यंत दुसरे पिल्लू देऊ नये. पिल्लू आतून चिवचिवले, तांबडी ताठ झाली, घरघर थांबली. नंतर तिच्या घशातून अगदी खालच्या पट्टीतला, तुटक, एकसारखा आवाज येऊ लागला, जो गेल्या तीन आठवड्यांत मी एकदाही ऐकला नव्हता. पिल्लाची चिवचिव त्याबरोबर मंदावली आणि बंद झाली.

त्या आवाजापाशी मी बराच वेळ अडकून राहिले आहे. ज्या कोंबडीने स्वतःची अंडी उबवली असतील, तिची आणि पिल्लांची ओळख कवच फुटण्याआधीच झालेली असते. शेवटच्या दोनएक दिवसांत पिल्लू आतून बोलते आणि आई त्याला उत्तर देते. ही पिल्ले यंत्रात जन्मली. पंख्याच्या घरघरीखेरीज त्यांनी काही ऐकलेले नसणार आणि कोंबडी तर त्यांनी पाहिलेलीही नव्हती. तरीसुद्धा त्या हाकेला काय उत्तर द्यायचे, हे त्यांना येत होते. स्वजातीच्या आईची हाक ओळखण्याची ही ओढ पिल्लू जन्मतःच घेऊन येते, असे पक्ष्यांच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तिकडे तांबडीलाही या हाकेसाठी कोणी शिकवलेले नाही. दोघांच्याही अंगात निम्मे निम्मे नाते आधीपासून तयार होते. आम्ही मध्ये फक्त एस.टी.चा प्रवास आणि एक हात एवढीच भर घातली.

बाकीची पिल्ले त्यानंतर एकेक करून दिली आणि अंडी काढून घेतली. सगळी तिच्या अंगाखाली मावतील एवढीच आणली होती. दहा-बारांच्या वर पिल्ले गावठी कोंबडीच्या पंखाखाली नीट झाकली जात नाहीत आणि कडेची गारठतात.

शुक्रवार, पहाट

रात्रीच्या स्वीकारावर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही. खरी परीक्षा उजाडताना असते, कारण कोंबडीला पिल्ले तेव्हा पहिल्यांदा दिसतात. एखादी कोंबडी रात्रभर ऊब देऊन सकाळी पिल्लाच्या डोक्यावर चोच मारते आणि एकदोन घावांत ते संपते. वेगळ्या रंगाच्या पिल्लावर तिचा राग लवकर निघतो, म्हणून सगळे रंग रात्री एकत्रच द्यावेत, नंतर एखादे भर म्हणून घालू नये. मी फटफटण्याआधीपासून डालग्याशेजारी बसून होते.

एका काळ्या पिल्लाने पिसांतून डोके बाहेर काढले. तांबडीने मान वाकडी करून एका डोळ्याने त्याला बराच वेळ निरखले, मग चोचीने हलकेच टोचले. हे टोचणे आणि मारणे यांतला फरक ज्याने पाहिला आहे, त्याला तो सांगावा लागत नाही. मारताना कोंबडीची मान मागे जाते आणि पिसे उभी राहतात. पिल्लू पुन्हा आत गेले. थोड्या वेळाने ती स्वतःच उठली आणि मी ठेवलेल्या दाण्यांपाशी जाऊन चोचीने एक कण उचलून खाली टाकला, पुन्हा उचलला, पुन्हा टाकला, आणि प्रत्येक वेळी भरभर हाक मारली. पिल्ले धडपडत तिच्याकडे गेली आणि तिच्या चोचीखालचा कण त्यांनी टिपला. भुकेली असूनही तिने स्वतः बऱ्याच उशिरा खाल्ले.

खाण्याबद्दल एक गोष्ट नोंदवून ठेवते. अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कवचासाठी चुना जास्त असतो आणि तो पिल्लांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. म्हणून दोघांनाही पिल्लांचेच खाद्य द्यावे. कोंबडी सध्या अंडी देत नसल्यामुळे तिचे काही बिघडत नाही. पाणी उथळ बशीत ठेवावे आणि बशीत गोटे घालावेत, नाहीतर पिल्लू त्यात बुडते.

रविवार

वयाची गोष्ट लिहायची राहिली. काकींच्या नातवाने आठवडाभराची पिल्ले आणून त्यांच्या खुडूक कोंबडीखाली सोडली होती. कोंबडी त्यांना घ्यायला तयार होती, पण पिल्लेच तिच्याकडे फिरकली नाहीत. तिने हाक मारली की ती कोपऱ्यात पळत. जन्मानंतरच्या पहिल्या दोनतीन दिवसांत पिल्लू ज्याच्यामागे चालते, त्यालाच आई मानते. कॉनराड लॉरेन्झ यांनी हंसांच्या पिल्लांवर केलेल्या अभ्यासामुळे हे जगभर माहीत झाले आणि १९७३ साली नोबेल मिळालेल्या तिघा प्राणिवर्तन-अभ्यासकांमध्ये त्यांचाही समावेश होता. त्यामुळे कोंबडीची वेळ आणि पिल्लांची वेळ जुळवणे हेच पाळणाऱ्याचे खरे काम ठरते. कोंबडी थोडी जास्त दिवस बसली तर चालते. पिल्लांचे दिवस मात्र ताणता येत नाहीत.

आज तांबडीने त्यांना प्रथमच अंगणात नेले. आंब्याच्या बुंध्याशी वाळवीचे ढेकूळ होते, ते तिने पायांनी उकरून फोडले आणि पिल्लांना हाक मारली. वर घार दिसली तेव्हा तिने जो आवाज काढला, त्याबरोबर एकूण एक पिल्लू जागच्या जागी दबले. बल्ब ऊब देतो, आणि चांगली देतो. मी स्वतः बल्बखाली पुष्कळ पिल्ले वाढवली आहेत. पण घार कोणती, वाळवी कोणती, केव्हा धावायचे आणि केव्हा दबायचे, हे त्याच्याखाली शिकता येत नाही. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात पिल्लांवर हवेचा हलका झोत सोडला, तेव्हा बाजूला असलेल्या आईच्या हृदयाचे ठोके वाढले, ती सावध झाली आणि पिल्लांना अधिक हाका मारू लागली. अंगणात उभे राहिल्यावर मला त्यात नवल वाटत नाही. ही पिल्ले आपण घातलेल्या अंड्यांतली नाहीत, या गोष्टीने तांबडीच्या सावधपणात तसूभरही फरक पडलेला नाही.

मंगळवार, संध्याकाळ

उद्या राणीखेतची लस द्यायची आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा या लसीचा एक थेंब डोळ्यात घातला नाही, तर हा रोग आल्यावर आईच्या पंखांचाही उपयोग होत नाही. मरेक्स या दुसऱ्या रोगाची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी दिलेली असते. लासोटाच्या एका कुपीत शंभरावर पिल्लांना पुरेल एवढी लस येते आणि एकदा विरघळवली की ती दोनएक तासांत संपवावी लागते, म्हणून काकी आणि खालच्या वाडीतली दोन घरेही आपापली पिल्ले घेऊन येणार आहेत. लस थर्मासमध्ये बर्फावर ठेवली आहे. दिवसा पिल्लाला हात लावला तर तांबडी अंगावर येते आणि सगळी पांगतात, त्यामुळे अंधार पडल्यावरच एकेक पिल्लू तिच्याखालून काढायचे, थेंब टाकायचा, त्याने डोळा मिटून उघडेपर्यंत धरून ठेवायचे आणि मग परत आत सोडायचे, असे ठरले आहे. काकी टॉर्च धरणार आहेत.